'गैरहजर' : एका शालेय शब्दाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

शाळेच्या व्यवहारात जे शब्द रोज उच्चारले जातात त्यांपैकी 'गैरहजर' हा शब्द वरकरणी अत्यंत निरुपद्रवी वाटतो. तो कोणावर दोषारोप करीत नाही, कोणाची बाजू घेत नाही. अमुक मूल अमुक दिवशी वर्गात नव्हते एवढीच वस्तुस्थिती तो नोंदवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. ही परीक्षा केवळ शब्दार्थाच्या कुतूहलापोटी नाही. ज्या मुलाला ऐकू येत नाही, ज्याला चालता येत नाही, ज्याला अपस्माराचे झटके येतात, किंवा ज्याची समजण्याची व बोलण्याची रीत इतर मुलांहून निराळी आहे, त्याचे शिक्षण चालू राहणार की संपणार हे पुष्कळदा ह्या एका नोंदीवर ठरत असते. नोंद चुकली की तिच्यावर आधारलेला उपाय चुकतो, आणि उपाय चुकला की मूल शाळेपासून आणखी एक पाऊल दूर जाते.

विवेचनासाठी पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर घेतला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पश्चिमेस सातपाटी, नवापूर, दांडी अशी कोळीवस्तीची गावे, मध्ये लोहमार्गावर पालघर व बोईसर, बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत, त्यापलीकडे समुद्राकाठी १९६९ पासून चालू असलेले अणुविद्युत् केंद्र, आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी मुलूख, अशी ह्या जिल्ह्याची रचना आहे. पाळीवर काम करणारा कारखान्यातला कामगार, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे वारली किंवा कातकरी कुटुंब, आणि समुद्रावर जाणारा मच्छीमार ह्या तिघांची मुले एकाच जिल्हा परिषदेच्या शिक्षणव्यवस्थेत येतात. शाळेच्या दिवसाचे आणि घराच्या दिवसाचे गणित येथे सहसा जुळत नाही. म्हणून अनुपस्थितीचा प्रश्न येथे जितका गुंतागुंतीचा तितकाच बोलका आहे. शिवाय ह्याच जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाद येथे, अनुपस्थितीचा सर्वांत मूलगामी विचार मराठीत झालेला आहे. त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

२. हजेरी, खाडा, गळती

'हजेरी' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि लष्करी व महसुली व्यवहारात रुळला. शिपाई जागेवर आहे की नाही हे पाहणे हा त्याचा मूळ उपयोग. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती 'गुन्हेगार' ठरविल्या गेल्या, त्यांच्या माणसांना ठरल्या वेळी सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागे. त्या सक्तीलाही 'हजेरी' हेच नाव होते. बोलीत 'हजेरी घेणे' ह्याचा दुसरा अर्थ खरडपट्टी काढणे असा होतो, हे ह्या इतिहासाशी सुसंगतच आहे. संस्कृतोद्भव 'उपस्थित' ह्या शब्दाचा मूलार्थ 'जवळ उभा असलेला' असा आहे आणि त्यात हुकमतीची छटा नाही. परंतु शासकीय मराठीत 'उपस्थिती' हा शब्द 'हजेरी'चा केवळ सभ्य पर्याय म्हणून वावरतो. शब्द बदलला, दृष्टी तीच राहिली.

'खाडा' हा शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. कामावर न गेल्याचा दिवस म्हणजे खाडा. ज्या दिवशी खाडा त्या दिवशी रोज नाही. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असलेल्या माणसाला ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आता हाच शब्द शाळेलाही लागतो. समजा, बोईसरमधील एखाद्या कामगाराच्या मुलीची श्रवणचाचणी करावयाची आहे आणि त्यासाठी वांद्रे येथील, १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत जावयाचे आहे. बोईसर मुंबईहून सुमारे १०० किलोमीटर दूर. लोकलगाड्या डहाणूपर्यंत २०१३ पासून धावू लागल्या असल्या तरी जाणे-येणे आणि तेथील रांग ह्यांत पूर्ण दिवस जातो. त्या दिवशी बापाचा कारखान्यात खाडा पडतो आणि मुलीचा शाळेत. म्हणजे मुलीला ऐकू यावे आणि तिला वर्गात बसण्याचा खरा लाभ व्हावा म्हणून जो दिवस खर्ची पडला, तोच दिवस तिच्या नावावर उणा म्हणून लिहिला जातो. शिक्षणासाठी केलेला प्रवास आणि शिक्षण टाळण्यासाठी मारलेली दांडी ह्यांत नोंदवही काहीच भेद करीत नाही.

तिसरा शब्द 'गळती'. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलांची संख्या सांगताना तो सर्रास वापरला जातो. गळणे हे अकर्मक क्रियापद आहे. गळते ते पाणी, परंतु मराठी माणूस दोष पाण्याला देत नाही. घागर गळते, छप्पर गळते, असे म्हणतो आणि भांडे किंवा कौले दुरुस्त करतो. ह्या शब्दाच्या पोटी अत्यंत न्याय्य असा विचार दडलेला आहे : जे निसटले त्याची चौकशी करण्यापूर्वी ज्यातून निसटले ते तपासावे. तथापि प्रत्यक्ष वापरात 'मुलांची गळती' असा षष्ठीचा प्रयोग रूढ झाला, 'शाळेची गळती' असा झाला नाही. रूपकाने जो दोष भांड्याकडे दाखविला होता तो विभक्तीने पाण्याकडे वळविला.

३. चार वाक्ये

ह्याहून महत्त्वाचा मुद्दा वाक्यरचनेचा आहे. एखादे मूल शाळेत दिसत नाही, ही एकच घटना मराठीत किमान चार प्रकारे सांगता येते :

(अ) मूल शाळेत जात नाही.
(आ) मुलाला शाळेत जाता येत नाही.
(इ) मुलाला शाळेत जाववत नाही.
(ई) मुलाला शाळेत येऊ देत नाहीत.

पहिल्या वाक्यात मूल हे प्रथमेत असून क्रियेचा कर्ता आहे. जाणे त्याच्या अधीन आहे आणि ते जात नाही, असा बोध होतो. दुसऱ्यात मूल चतुर्थीत गेले. जाण्याची इच्छा गृहीत आहे, अडथळा बाहेरचा किंवा साधनाचा आहे. रस्ता नाही, वाहन नाही, चाकांची खुर्ची नाही, सोबत नाही. तिसऱ्या वाक्यात आपल्या व्याकरणात ज्याला शक्य क्रियापद म्हणतात ते रूप आले आहे. 'मला आता चालवत नाही' असे म्हणणारा माणूस चालण्याची विद्या विसरलेला नसतो. त्याच्या देहाला किंवा मनाला ते सोसवत नसते. चौथ्या वाक्यात कर्ता अध्याहृत आणि अनेकवचनी आहे. 'घेत नाहीत', 'आणू नका म्हणतात', 'पुढच्या वर्षी बघू म्हणतात' ह्या बोलण्यात कोण घेत नाही हे सांगितलेले नसते, कारण ते सांगण्याची प्राज्ञा बोलणाऱ्याची नसते.

इंग्रजीत ह्या भेदांसाठी किती यातायात करावी लागली ते पाहण्यासारखे आहे. शाळा चुकविणाऱ्या मुलाला तेथे प्रथम केवळ उनाड समजत. १९४१ साली अमेरिकेत ॲडलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'शाळेची विकारी भीती' ह्या अर्थाची संज्ञा पुढे आणली. नंतर 'शाळेस नकार' ही संज्ञा आली. परंतु नकार म्हटले की पुन्हा हेतू आला, म्हणून अलीकडे 'भावनिक कारणांनी होणारी शाळेची टाळाटाळ' असे लांबलचक शब्द योजण्यात येऊ लागले, आणि 'टाळाटाळ' ह्या पदावरही आक्षेप आहेतच. मराठी मातेला ह्यांतील एकही संज्ञा शिकावी लागत नाही. 'त्याला वर्गात बसवत नाही हो' असे ती म्हणते तेव्हा हट्ट आणि असह्यता ह्यांतील भेद तिने क्रियापदाच्या एका प्रत्ययाने केलेला असतो. स्वमग्न मुलाला घंटेचा आवाज, साठ मुलांचा कल्लोळ, मधल्या सुट्टीतील ढकलाढकली सोसवत नसेल, तर त्याच्या अनुपस्थितीचे वर्णन (इ) ह्या वाक्याने होते, (अ) ह्या वाक्याने नव्हे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, कारण प्रत्येक वाक्याचा उपाय निराळा आहे. (अ) असेल तर घरी जाऊन समजूत घालावी, घरातील कामाची सोय पाहावी. (आ) असेल तर समजूत घालणे हा उपहास होय. तेथे वाहन आणि सोबती पाहिजे. (इ) असेल तर वर्गात फरक केला पाहिजे : बसण्याची जागा भिंतीकडेची, दिवस प्रारंभी दोन तासिकांचा, ओळखीची एक सोबतीण, मारण्याची व चिडविण्याची भीती निश्चितपणे दूर. (ई) असेल तर चौकशी घराची नव्हे, शाळेची व्हावयास हवी. शौचालयात नेण्यास कोणी नाही म्हणून ज्या मुलीला दुपारी घरी पाठविले जाते, ती नोंदवहीत अर्धा दिवस हजर असते. वस्तुतः तिला अर्धा दिवस बाहेर ठेवलेले असते.

नोंदवहीत ह्या चारही वाक्यांसाठी एकच खूण आहे. आणि खुणेचे वाचन करताना प्रत्येक वेळी (अ) हेच वाक्य वाचले जाते, कारण 'गैरहजर' हे विशेषण मुलाला लागते आणि मुलालाच कर्ता करते. शिक्षकाला कारण ठाऊक नसते असे नव्हे. गावच्या शाळेतील शिक्षकाला बहुधा सारे ठाऊक असते. परंतु त्याच्या ज्ञानाला कागदावर जागा नाही, आणि ज्याला कागदावर जागा नाही त्यावर वरच्या कार्यालयात खर्च मंजूर होत नाही.

४. 'सतत' ह्या शब्दाचा परिणाम

शासनाने 'शाळाबाह्य बालक' ह्या संज्ञेची जी व्याख्या स्वीकारली, तीत शाळेत कधीच दाखल न झालेल्या मुलाबरोबर, दाखल होऊनही एक महिन्याहून अधिक काळ सतत अनुपस्थित राहणाऱ्या मुलाचाही समावेश आहे. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रभर शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले, त्यामागे ही संज्ञा होती. व्याख्येचा हेतू स्तुत्य आहे. नाव पटावर असले म्हणजे मूल शिकते असे नव्हे, हे तिने मान्य केले. परंतु 'सतत' ह्या क्रियाविशेषणाने एक मोठा वर्ग तिच्या बाहेर राहतो.

अतिरिक्त गरजा असणाऱ्या मुलाची अनुपस्थिती सहसा सलग नसते. ती तुटक असते. सिकलसेल ह्या रक्तविकाराचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत हा विकार आढळतो आणि पालघर जिल्हा त्यास अपवाद नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले, आणि त्यांत सिकलसेलचा समावेश झाला. ह्या विकाराच्या मुलास वेदनेची तीव्र उबळ येते तेव्हा ते उठू शकत नाही. ती ओसरली की ते इतरांसारखे दिसते, खेळते. असे मूल महिन्यात आठ दिवस शाळेत नसेल, परंतु सलग तीस दिवस कधीच अनुपस्थित नसेल. अपस्माराच्या मुलाचे तेच, ठराविक वारी उपचाराला जावे लागणाऱ्या मुलाचे तेच. महिन्यातून एखादा दिवस जरी ते वर्गात दिसले तरी गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वर्षाअखेर त्याचा तिसरा हिस्सा अभ्यास बुडालेला असतो. तरी ते शाळाबाह्य नसते, म्हणून त्याच्यासाठी शोधमोहीम नसते. आणि ते अनियमित असते, म्हणून मागे पडल्याचा दोष मात्र त्याच्याकडे येतो.

इंग्लंडात २०१५-१६ पासून एकूण शक्य सत्रांपैकी १० टक्के किंवा अधिक सत्रे चुकली की अनुपस्थिती 'चिकट' स्वरूपाची मानतात. तेथे सलगता पाहत नाहीत, बेरीज पाहतात. तेथील हजेरीपटात कारणपरत्वे निरनिराळी अक्षरे आहेत : आजारासाठी एक, वैद्यकीय भेटीसाठी दुसरे, आणि ऑगस्ट २०२४ पासून तर शाळेने द्यावयाचे वाहन न आल्यामुळे मूल पोचू शकले नाही, ह्यासाठीही स्वतंत्र संकेत आहे. ह्या शेवटच्या संकेताचे महत्त्व विशेष आहे, कारण तो (आ) ह्या वाक्याला नोंदवहीत स्थान देतो. मात्र संकेत वाढविल्याने प्रश्न सुटतो असे समजण्याचे कारण नाही. त्याच देशात अनुपस्थितीबद्दल पालकांना दंडही होतो, आणि 'जाववत नाही' ह्या स्थितीतील मुलांचे पालक त्या दंडाच्या छायेत वावरतात. अक्षरे पुष्कळ असली तरी वाचणारी दृष्टी (अ) वाक्याचीच असू शकते.

५. मौनाचे निदान

बोईसर-तारापूर परिसरात ह्या प्रश्नाला भाषेचा एक निराळा पदर आहे. औद्योगिक वसाहतीमुळे येथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेली कुटुंबे आहेत. सीमेजवळ गुजराती आहे. मूळ रहिवाशांत वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी अशा बोली आहेत. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात ह्या बोलींची नोंद आलेली आहे. पहिलीच्या वर्गात ह्यांतील कोणत्याही घरचे मूल प्रथम काही महिने गप्प बसू शकते. दुसऱ्या भाषेच्या संपादनात असा मौनाचा काळ येतो आणि तो विकार नव्हे. परंतु ज्याला ऐकू येत नाही तेही गप्प बसते. ज्याचा वाचाविकास मंद आहे तेही गप्प बसते. आणि ज्याला वर्गाची धास्ती आहे तेही.

अशा वेळी दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. घरी भोजपुरी बोलणाऱ्या चलाख मुलाला प्रमाण मराठीतील प्रश्न कळत नाहीत, म्हणून त्याला 'मंद' ठरविले जाते. उलट, ज्या वारली मुलीला खरोखरच कमी ऐकू येते तिच्या मौनाचा उलगडा 'घरची भाषा वेगळी, शिकेल हळूहळू' एवढ्याने केला जातो, आणि तपासणीची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. दोन्ही चुकांचा शेवट एकच : ज्या वर्गात आपल्याला काही कळत नाही आणि आपले कोणाला काही कळत नाही तेथे रोज का जावे, ह्या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर उरत नाही. प्रथम आठवड्यातून एक दिवस, मग दोन, असे खाडे वाढू लागतात.

येथे भाषाभ्यासकाचे काम अगदी मर्यादित, परंतु टाळता न येण्याजोगे आहे. मुलाची तपासणी त्याच्या घरच्या बोलीत झाली की नाही, आईशी व भावंडांशी ते कसे बोलते हे कोणी ऐकले की नाही, हे दोन प्रश्न प्रत्येक निदानापूर्वी विचारले गेले पाहिजेत. घरी अस्खलित बोलणारे आणि शाळेत मुके असणारे मूल, आणि दोन्हीकडे मुके असणारे मूल, ह्यांची वाट एक असू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. ज्या मुलाच्या शिकण्यात आधीच एक अडथळा आहे त्याच्या पुढे परक्या भाषेचा दुसरा अडथळा उभा करू नये, हा त्या तत्त्वाचा सर्वांत निकडीचा अर्थ होय.

६. कोसबादचे उत्तर आणि त्याची मर्यादा

१९४५ साली ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५० नंतरच्या दशकात हे केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग तेथे विस्तारला. शाळा उघडली तरी मुले येत नाहीत, हा अनुभव त्यांनाही आला. त्यांनी 'मुले गैरहजर आहेत' एवढ्यावर न थांबता ती कोठे आहेत, हा प्रश्न विचारला. काही मुले अंगणात धाकट्या भावंडाला सांभाळीत होती. काही कुरणात गुरे चारीत होती. काहींचा सारा दिवस कामात जात होता. ह्या उत्तरातून शाळेची रूपे निघाली. अंगणात भरणारी अंगणवाडी, गुरांमागे भरणारी कुरणशाळा, रात्रीचे वर्ग; आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी, जेणेकरून मोठ्या बहिणीने कडेवरच्या भावाला बरोबर आणावे आणि दोघांचीही सोय व्हावी.

ह्या समासांची घटना लक्षपूर्वक पाहावी. 'अंगणवाडी', 'कुरणशाळा' ह्यांत पूर्वपद मुलाच्या जागेचे आहे आणि उत्तरपद शाळेचे. म्हणजे मूल जेथे आहे त्या जागेने शाळेला विशेषित केले आहे. ह्याच्या उलट 'शाळाबाह्य बालक' ह्या प्रयोगात पूर्वपद शाळेचे आहे. शाळेने मुलाला विशेषित केले आहे. पहिल्या समासात शाळेने जागा बदलावयाची असते, दुसऱ्यात मुलाने. शिक्षणविचारातील दोन संपूर्ण दृष्टी ह्या दोन समासांत सामावल्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला, परंतु शब्दाबरोबर त्यातील विचार कितपत गेला ह्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. आज अंगणवाडी बहुधा एका ठराविक खोलीचे नाव आहे.

तथापि कोसबादच्या प्रयोगाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्याची कारणमीमांसा मुख्यतः श्रमाच्या विभागणीवर उभी आहे. मूल शाळेत का नाही, तर त्याच्यावर काम आहे म्हणून. कुरणातले मूल हे हिंडणारे, काटक मूल आहे. ज्याला कुरणापर्यंत जाता येत नाही, जे घराच्या कोपऱ्यात बसून आहे, ज्याच्याकडून कामाचीही अपेक्षा कोणी करीत नाही, ते मूल ह्या रूपांतून सहज निसटते. 'शाळा मुलाकडे' हे सूत्र त्याला जसेच्या तसे लावले तर काय होते, हे २०१२ च्या दुरुस्तीवरून दिसते. त्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. सूत्र तेच दिसते. अर्थ मात्र पालटतो. कोसबादची शाळा अंगणात गेली तेव्हा पाड्यातली सारी मुले तेथे जमली. गृहाधारित शिक्षणात घरी जातो तो केवळ शिक्षक, तोही अधूनमधून. सवंगडी जात नाहीत. अंगण ही घराबाहेरची, दहा जणांची जागा आहे. घर ही आतली जागा आहे. म्हणून गृहाधारित शिक्षण हे अंगणवाडीचे पुढचे रूप नव्हे. अगदी निरुपाय असेल तेथे त्याचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु 'निवडण्याचा हक्क' ह्या शब्दांतील निवड कुटुंबाची असावयास हवी. 'तुम्ही घरीच शिकवा, ते बरे' असे शाळेने सुचविले की (ई) हे वाक्य हक्काच्या भाषेत पुन्हा अवतरते.

७. सवलत की कर्तव्य

शेवटी एका ऐतिहासिक धोक्याचा निर्देश करणे अगत्याचे आहे. कारणे नोंदवावीत असे म्हणणे निर्धोक नाही. इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात अनुपस्थितीची जी वाजवी कारणे मानली होती, त्यांत आजार किंवा अन्य अपरिहार्य कारण, आणि तीन मैलांच्या आत शाळा नसणे, ही होती. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे जे विधेयक मांडले त्याला ह्याच इंग्लिश कायद्यांचा आधार होता. अशा कारणांची मांडणी पालकाला शिक्षेपासून वाचविण्यासाठी होती, आणि त्या दृष्टीने ती दयाळू होती. परंतु आजारी किंवा पंगू मुलाच्या बाबतीत तिचा परिणाम असा की पालक सुटला, त्याबरोबर राज्यही सुटले. कारण वाजवी ठरले की प्रकरण मिटले. मूल मात्र घरीच राहिले.

अलीकडील कायद्यांनी ही दिशा तत्त्वतः बदलली आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असण्याचे बंधन घातले. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती व शिक्षणाची पूर्तता ह्यांवर लक्ष ठेवणे, आणि मुलासाठी व जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाच्या मदतनिसासाठी वाहनाची सोय करणे, ह्या गोष्टी संस्थांकडून अपेक्षिल्या. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता ह्यांची तरतूद झाली. हे सारे (आ) वाक्याचे उत्तर आहे. तरी त्या १ किलोमीटरकडे पाहावे. ते अंतर धडधाकट पायांनी मोजलेले आहे. जव्हारच्या चढावर, जुलैच्या पावसात, ओढा भरून वाहत असताना, कुबड्या घेतलेल्या मुलीसाठी ते किती होते, हे नियमाच्या भाषेत मावत नाही. आणि भत्ता मिळावयाचा तर प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्रासाठी फेऱ्या हव्यात, आणि प्रत्येक फेरी हा पुन्हा एक दुहेरी खाडा आहे.

ह्यावरून जे निष्कर्ष निघतात ते थोडक्यात असे सांगता येतील. अनुपस्थितीची गणना सलग दिवसांनी न करता बेरजेने करावी, म्हणजे तुटक अनुपस्थिती दृष्टीस पडेल. नोंदीबरोबर वर दिलेल्या चार वाक्यांपैकी कोणते लागू आहे ते लिहावे, आणि ते पालकाच्या तोंडून, त्याच्या बोलीत ऐकून लिहावे. तपासणी व उपचार ह्यांत गेलेला दिवस उणा धरू नये. एखाद्या मुलाचा शाळेचा दिवस काही काळ लहान ठेवावयाचा असेल तर तो केव्हा व कसा वाढवावयाचा हेही त्याच वेळी ठरवावे. अन्यथा सोय म्हणून सुरू झालेला अर्धा दिवस कायमची हकालपट्टी होऊन बसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, नोंदविलेल्या प्रत्येक कारणापुढे ते दूर करण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहिले जावे. जबाबदारीवाचून लिहिलेले कारण हे १८७० मधील सवलतीचीच पुनरावृत्ती ठरेल.

ह्यावर असा आक्षेप येईल की, एका शिक्षकावर दोन-दोन वर्गांचा भार असताना त्याच्या लेखणीवर हा आणखी एक बोजा कशाला? आक्षेप खोटा नाही. परंतु हा बोजा नव्या माहितीचा नाही; शिक्षकाला जे ठाऊक आहे ते खाली उतरविण्याचा आहे. खूण करताना तो आज त्याचे ज्ञान गिळून टाकतो, आणि वर्षाअखेर अपुऱ्या उपस्थितीचा जाब त्यालाच विचारला जातो. कारण लिहिले गेले तर जाब योग्य ठिकाणी विचारता येईल, हा त्याचाही लाभ आहे.

भाषेने शाळा सुधारत नाही, हे खरेच. केवळ शब्द बदलून मुलाच्या दारी वाहन येत नाही. 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आला म्हणून पायऱ्यांच्या जागी उतार आला नाही. परंतु चुकीचे वाक्य लिहिल्याने वाहन मागण्याचा मार्गच बंद होतो, हेही तितकेच खरे. मराठी भाषेने न जाणे, जाता न येणे, जाववत नसणे आणि येऊ न देणे ह्यांत स्वच्छ भेद केलेला आहे. पालघरच्या पाड्यावरील निरक्षर आई तो बिनचूक करते. तिने केलेला भेद शाळेच्या नोंदवहीने पुसू नये, एवढीच अपेक्षा आहे.